गेटवेतून काय वगळावं?

1950-60च्या दशकांत विमान कंपन्यांची पोस्टरं ज्या धाटणीत निघायची, ती सध्या पुन्हा दिवाणखान्यांच्या भिंतींवर चढली आहे. सपाट रंग, मोजके आकार, सावल्यांना सुट्टी. बघणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड? गेटवे ऑफ इंडिया या धाटणीत रंगवायला घ्या, मग बोलू.

आधी बाजू ठरवायची. लाँचमधून, म्हणजे पाण्याकडून पाहिलं तर ताज हॉटेल सोबत येतंच. ते 1903चं, गेटवेहून थोरलं. त्याला हलवणार कोण? म्हणून मी शहराकडची बाजू घेते. ताज पाठीशी राहतं आणि कमानीतून पाणी मिळतं.

जॉर्ज विटेटची ही वास्तू 1924 साली पुरी झाली. उंची 26 मीटर, दगड पिवळसर बेसॉल्ट, अंगावर गुजराती वळणाचं कोरीवकाम. जाळ्या काढा, नक्षी काढा, कबुतरं तर सगळ्यात आधी काढा. उरतात चार बुरूज आणि मधली कमान. कमान म्हणजे खरं तर मोकळी जागाच, त्यामुळे आतलं पाणी आणि आभाळ आधी रंगवायचं, दगड मागाहून त्याभोवती बसवायचा. कमानीचं टोक जरा बोथट झालं, की गेटवेचा लग्नमंडप होतो.

पोस्टर कलरचा स्वभावही वाकडा. फिका रंग वाळल्यावर गडद दिसतो, गडद फिका पडतो. म्हणून आभाळाचा निळा लागेल त्याहून जास्त, एकदमच कालवायचा. अर्ध्यावर संपला तर तोच निळा पुन्हा जमत नाही आणि सपाट रंगात जोड लगेच चुगली करतो. तपशिलांनी भरलेल्या चित्रात असे गुन्हे सहज खपतात.

एक लाँच मात्र हवीच, घारापुरीची असो की मांडव्याची. तिच्याशिवाय ते बंदर वाटत नाही.

काय ठेवावं हे कळायला चित्रकार डेव्हिड क्लाइनचं टीडब्ल्यूए या विमान कंपनीसाठीचं 1956चं न्यूयॉर्कचं पोस्टर बघावं. टाइम्स स्क्वेअर आहे, पण इमारती जवळपास विरघळलेल्या. रंगाच्या तुकड्यांचा नुसता लखलखाट. त्याने दिवे ठेवले, कारण तिथून परतणाऱ्याच्या डोळ्यांत दिवेच असतात.

हल्लीच्या नकलांत इतका विचार कुठला! मागे नारिंगी चकती, खाली दोन पट्टे, मध्ये हवी ती इमारत. गेटवेच्या कमानीतही हा मावळता सूर्य मी पाहिला आहे. समुद्र तिथे पूर्वेला आहे हो!