फळांना दोष, तेलाला अभय

"डॉक्टर, केळी खाऊ का? चरबी वाढेल ना?" हा प्रश्न मुळशी तालुक्यातील माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-चार वेळा तरी येतोच. उन्हाळ्यात केळ्याच्या जागी आंबा येतो. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हाती आला की बहुतेक घरांत पहिली बंदी येते ती फळांवर. चहाबरोबरचे फरसाण, खारी आणि रविवारची भजी मात्र सहीसलामत सुटतात. हा उलटा न्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे आज पाहू.

आधी फळांत चरबी असते तरी किती, ते पाहू. सोललेल्या शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ०.३ ग्रॅम चरबी असते. आंब्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पेरू, पपई, जांभूळ, फणसाचे गरे यांची गोष्ट फारशी वेगळी नाही. आपल्या डोंगरातील करवंद यात थोडे निराळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात ताज्या करवंदाची चरबी शंभर ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम दिली आहे. पण तीही नगण्यच. याउलट चहाच्या एका चमचाभर तेलात साडेचार ग्रॅम चरबी असते. म्हणजे पंधरा केळ्यांत मिळून जेवढी चरबी, तेवढी एका चमच्यात!

याला अपवाद दोन-तीनच. ओला नारळ, ज्याच्या शंभर ग्रॅम खोबऱ्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास चरबी असते, ऑलिव्ह, आणि हल्ली पुण्याच्या बाजारात दिसणारे अव्होकॅडो, ज्यात ती सुमारे पंधरा ग्रॅम असते.

जागतिक अन्न व कृषी संघटना प्रत्येक देशाचा अन्नाचा ताळेबंद मांडते. देशात पिकले किती, आयात किती, निर्यात किती, बियाण्याला, गुरांना आणि नासाडीत गेले किती, हे काढून उरलेले लोकसंख्येने भागायचे. त्यावरून दरडोई दररोज किती ग्रॅम चरबी कोणत्या पदार्थातून उपलब्ध झाली, ते कळते. डोमिनिकन रिपब्लिकसारख्या छोट्या देशात अव्होकॅडो घरोघर खातात, त्यामुळे तेथे फळांच्या रकान्यातील चरबी ठळक दिसते. आपल्याकडे हा रकाना जवळजवळ रिकामाच असतो. नारळ आणि ऑलिव्ह यांची नोंद तर फळांत न होता तेलबियांत होते.

पण या ताळेबंदात एक गोम आहे. पामतेल हे पामच्या फळाच्या गरापासून काढतात. मूळ पश्चिम आफ्रिकेतील हे झाड आता प्रामुख्याने इंडोनेशिया आणि मलेशियात लावले जाते. तेथील तेल जहाजांनी आपल्याकडे येते, आणि हिशेबात त्याची नोंद 'तेल' म्हणून होते. तेव्हा आपल्या पोटात फळातील चरबी जातेच, पण ती केळ्या-आंब्यातून नव्हे, तर पामच्या फळातून!

जुन्या वाचकांना रेशनवरचे पामतेल आठवत असेल. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली आणि चित्र पालटले. २०२३-२४ या तेलवर्षात देशात सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात झाले. त्यात निम्म्याहून अधिक पामतेल होते. या तेलातील निम्मी चरबी संपृक्त असते, आणि रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी हीच. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून ते फरसाण, बिस्किटे, वेफर्स, खारी यांत सर्रास वापरतात. केळ्याचेच पाहा: ताज्या केळ्यात ०.३ ग्रॅम चरबी, आणि त्याचेच वेफर्स तळले की शंभर ग्रॅमला तीसेक ग्रॅम. उपवासाला आपण यांतले काय खातो, हे ज्याने त्याने आठवावे.

एकेकाळी मुळशी-मावळच्या वरकस जमिनीवर कारळे पिके. घरात तेल बेताचे आणि अंगमेहनत भरपूर. आज हिंजवडी-पिरंगुटच्या पट्ट्यात बैठे काम आले, रस्त्याच्या कडेला वडापावच्या गाड्या आल्या. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर गेला आहे, म्हणजे दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने त्याच वर्षी सुचवलेल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप फक्त २७ ग्रॅम आहे. बरोबर दुप्पट! परिणामही दिसतो आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. २०१५-१६ मध्ये हेच आकडे सुमारे २१ आणि १९ टक्के होते.

काही जण म्हणतील, मग फळे वाटेल तेवढी खावीत का? नाही. फळांत साखर असते. मधुमेही रुग्णांनी आंबा, केळी, चिकू डॉक्टरांच्या सल्ल्याने, मोजून आणि जेवणावर न खाता मधल्या वेळी खावेत. पण हा प्रश्न साखरेचा आहे, चरबीचा नव्हे. त्याच ताटात रोज शंभर ग्रॅम फळे सुचवली आहेत आणि आपल्यातील अनेकांच्या पोटात तेवढीही जात नाहीत.

घरी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत.

१) चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर तेल पुरे. यात तूप, लोणी आणि बाहेरचे खाणेही धरा. डबा आणला की त्यावर तारीख लिहा. किती दिवस पुरला ते आपोआप कळेल.

२) पाकीट घेण्यापूर्वी मागची बारीक अक्षरे वाचा. 'पाम' किंवा 'पामोलिन' दिसले की प्रमाण आवरा.

३) तळणीचे तेल पुन्हा पुन्हा उकळू नका.

४) मुलांच्या हाती पुड्याऐवजी फळ द्या. पेरू, पपई परसात येते. मे-जूनमध्ये करवंदे-जांभळे आपल्याच डोंगरात असतात. ताम्हिणीच्या रस्त्यावर ती विकणाऱ्या बायांना चार पैसे मिळाले तर तेही बरेच.

ग्रामसभा आणि पालक सभांनाही माझी विनंती आहे. शाळेच्या कार्यक्रमात वेफर्सची पाकिटे वाटण्याची पद्धत बंद करून एकेक केळे वाटावे. खर्च फार वाढणार नाही, आणि कोणते खाणे चांगले हे मुलांना भाषणाशिवाय कळेल.