खाच दिसते, लस दिसत नाही

जुलै २०२५ मध्ये बेंगळुरू महापालिकेने सुमारे पाच हजार भटक्या कुत्र्यांना रोज कोंबडी-भात देण्यासाठी २ कोटी ८८ लाखांची योजना पुढे आणली आणि देशभर हशा पिकला. कुत्र्यांच्या ताटातील मांसाच्या ग्रॅमांवर चर्चा रंगल्या. त्याच महापालिकेने दोन वर्षांपूर्वी केलेल्या श्वानगणनेला मात्र याच्या पासंगालाही पुरेल इतकी प्रसिद्धी लाभली नव्हती.

त्या गणनेनुसार शहरातील भटकी कुत्री २०१९ मधील सुमारे ३ लाख १० हजारांवरून २०२३ मध्ये २ लाख ७९ हजारांवर आली. निर्बीजीकरण झालेल्यांचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून सुमारे ७२ टक्क्यांवर गेले. निर्बीजीकरणाने काहीच साधत नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आकडे पाहिलेले नाहीत. परंतु ते मिरवणाऱ्या श्वानप्रेमींनीही ते नीट वाचलेले नाहीत. गणना करणारा कर्मचारी कुत्र्याच्या कानाची खाच पाहतो. ती खाच शस्त्रक्रियेची साक्ष देते, लशीची नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी रेबीजची लसही टोचली जाते, हे खरे. पण तिचा प्रभाव जन्मभर टिकत नाही. चार वर्षांपूर्वी खाच पाडलेला कान आजच्या प्रतिकारशक्तीबद्दल काहीही सांगू शकत नाही. जे मोजलेच नाही, ते मोजल्यासारखे दाखवण्याला विज्ञानात क्षमा नाही.

आणि प्राण घेतो तो रेबीज. लक्षणे उमटल्यावर त्यातून जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि बळींमध्ये गरिबांची मुले मोठ्या संख्येने असतात. या रोगाचे गणित मात्र सोपे आहे. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना बाधा करतो. जुनी कुत्री मरतात, नवी जन्मतात, हे धरून ७० टक्के कुत्र्यांना लस दिल्यास साखळी तुटते. म्हणजे कळीचा प्रश्न कुत्री किती हा नसून लस मिळालेली किती हा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवावीत आणि तेथे परत सोडू नयेत, असा आदेश दिला. शाळेच्या अंगणात कुत्री नकोत, ही अपेक्षा रास्तच आहे. पण उकिरडा जागीच राहिला, तर लस घेतलेल्या कुत्र्याच्या जागी लस न घेतलेला येतो. हा धोका कोणी मोजायचा?

गोव्याने मोजून दाखवले. २०१३ ते २०१९ या काळात तेथे लसीकरण वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांपर्यंत पोहोचले. माणसांचे रेबीजमृत्यू शून्यावर आले, कुत्र्यांमधील मासिक रुग्णसंख्या ९२ टक्क्यांनी घटली. हे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. गोवा लहान आहे, हा आक्षेप ठरलेलाच. बेंगळुरूच्या ७० टक्के कुत्र्यांसाठी वर्षाला सुमारे १ लाख ९५ हजार लसी लागतील, गोव्याच्या दुपटीहून किंचित अधिक. इतके या श्रीमंत शहराला झेपत नसेल, तर अडचण आकाराची नाही.

राहिला भात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गांधीलमाश्यांवर पीएचडी केलेल्या अनिंदिता भद्रा पुढे कोलकात्याच्या आयसरमध्ये भटक्या कुत्र्यांच्या अभ्यासाकडे वळल्या. त्यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की, ३६४ पिल्लांपैकी अवघी १९ टक्के प्रजननक्षम वयापर्यंत जगली आणि ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. पुढच्याच वर्षी त्यांना आढळले की, अनोळखी माणूस वारंवार भेटला तर अन्नापेक्षा त्याच्या मायेच्या स्पर्शाने कुत्र्याचा विश्वास अधिक बसतो. विश्वासाने जवळ येणाऱ्या कुत्र्याला जाळे न टाकता लस टोचता येते. कोंबडी-भाताच्या चर्चेत हे कुणाच्या गावीही नव्हते.

बेंगळुरूत आता एकाच्या पाच महापालिका झाल्या आहेत. पुढच्या गणनेत त्यांनी खाचेशेजारी एक रकाना वाढवावा: गेल्या बारा महिन्यांत लस मिळाली की नाही. गोव्यात लस टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करीत आणि मग गल्लोगल्ली फिरून खुणा असलेली व नसलेली कुत्री मोजत. त्यासाठी लागतो रंगाचा एक डबा आणि एक वही.