शिंतोडा उडाला, त्याची नोंद कोठे आहे?



रुग्णालयाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतो, परिचारिका येते, फार तर वॉर्डातील मावशी येते. शस्त्रक्रिया आटोपल्यावर रक्ताने माखलेली हत्यारे ज्या खोलीत नेली जातात, तेथे सिंकपाशी कोण उभे असते ह्याचा विचार क्वचितच होतो. मोठ्या रुग्णालयांत ह्या विभागास सी. एस. एस. डी., म्हणजे मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग म्हणतात. आपल्यापैकी ज्यांचा मुलगा, सून वा भाऊ तेथे कामास आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांच्या घरी असे कोणी नाही त्यांनीही तो वाचावा. उद्या त्यांचीच मुलगी अशा जागेसाठी अर्ज करील.

प्रथम कामाचे स्वरूप ध्यानी घ्यावे. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेने जंतू मरतात हे खरे. परंतु रक्त व मांसाचे कण चिकटलेले हत्यार तसेच आत ठेवले तर वाफ त्या थराखाली पोहोचत नाही. म्हणून ते आधी माणसाच्या हाताने धुवावे लागते. कात्रीच्या सांध्यात ब्रश फिरतो, पोकळ नळीत दाबाने पाणी सोडले जाते, आणि प्रत्येक वेळी बारीक तुषार उडतात. २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे तुषार सिंकपासून सव्वासात फुटांपर्यंत गेल्याचे आढळले; ओली दुर्बीण-नळी यंत्राकडे नेताना वाटेवर पंधरा फुटांपर्यंत थेंब पडले; आणि संरक्षक पोशाख घातलेल्या माणसाच्या त्वचेपर्यंतही पाणी पोहोचले. मग ज्याला साधा कापडी मास्क व पातळ हातमोजे देऊन उभे केले जाते, त्याची स्थिती काय असेल?

ह्यात धोका किती, हेही नीट सांगितले पाहिजे, कारण भीती घालणे हा आमचा हेतू नाही. एच. आय. व्ही. बाधित रक्त डोळ्यात वा तोंडात उडाल्याने लागण होण्याचा संभव हजारात एकाच्या आसपास मानला जातो. खरा शत्रू हिपॅटायटिस बी हा आहे. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. सुदैवाने त्यावर लस आहे, तिच्या तीन मात्रा घ्याव्या लागतात, आणि ती देणे ही मालकाची मेहेरबानी नव्हे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ह्यांनी हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास हिपॅटायटिस बी व धनुर्वात ह्यांची लस, पुरेशी संरक्षक साधने, नेमणुकीच्या वेळी व नंतर दरवर्षी आरोग्यतपासणी आणि प्रशिक्षण देण्याचे बंधन रुग्णालयावर घातले आहे. हत्यारे म्हणजे कचरा नव्हे, असा युक्तिवाद कोणी करील. हत्यार कचरा नाही हे मान्य. परंतु त्यावरून धुऊन निघणारे रक्तमिश्रित पाणी त्याच नियमांच्या परिशिष्टात द्रवरूप कचरा म्हणून गणले आहे, आणि ते धुणाऱ्याच्याच अंगावर उडते.

ह्याहून स्पष्ट आधार एच. आय. व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ह्याच्या कलम १९ मध्ये आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. जेथे कामामुळे संसर्गाचा मोठा धोका आहे अशा आरोग्यसेवेच्या प्रत्येक संस्थेने धोक्यात येणाऱ्या सर्वांना संरक्षक साधने, त्यांचे शिक्षण आणि संपर्कानंतरचे प्रतिबंधक औषध पुरवावे, असे त्यात सांगितले आहे. ‘सर्वांना’ ह्या शब्दात कंत्राटी कामगार येतो. आणि १९९५ साली कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हे अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला आहे.

कायदा असा भरभक्कम असता माणसे हात हलवीत का परततात? ह्याचे कारण वकिलीच्या व्यवसायात वारंवार दिसते. सुई टोचली तर रक्त येते, आरडाओरड होते, परिचारिका धावत येते. शिंतोडा मात्र वाळून जातो. माणूस बाहीने डोळा पुसतो व पुढचा ट्रे ओढतो. एक कंत्राटी कामगार भगिनी प्रस्तुत लेखकाकडे काविळीचे कागद घेऊन आल्या होत्या. कोणत्या दिवशी रक्त उडाले, ते त्यांना सांगता येईना. ‘रोजच उडते’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरे होते, परंतु न्यायालयापुढे ‘रोज’ ही तारीख होत नाही.

आरोग्यसेवेच्या कामात जडलेला संसर्गजन्य रोग हा व्यवसायजन्य रोग होय, हे तत्त्व १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात होते, व त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्यावरही ते टिकून आहे. पण रोग कामाआधीच होता असे मालक म्हणाला तर उत्तर एकच: ज्या दिवशी शिंतोडा उडाला त्याच दिवशीच्या रक्ततपासणीचा कागद. ती तपासणी निर्दोष आली व सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने ह्या पुढील तपासण्यांत लागण दिसली, तर मालकाचा तो बचाव लंगडा पडतो.

तपासणीस आपली माणसे भितात, नोकरी जाईल म्हणून. वरील २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून एच. आय. व्ही. चाचणी करण्यास व निकाल फोडण्यास मनाई केली आहे, आणि केवळ निकालावरून कामावरून काढता येत नाही. ‘ह्या लोकांना सवय असते’ असे सांगणारे अधिकारी मात्र कायद्याने नाहीसे होत नाहीत. घाणीची सवय आपल्याच वाट्यास कोणी व का लावली, हे ह्या पाक्षिकाच्या वाचकास सांगावयास नको.

आता व्यवहाराचे. न भिजणारा लांब बाह्यांचा गाऊन, मनगटावर चढणारे जाड हातमोजे, चष्मा व त्यावर हनुवटीखाली येणारी फेस शील्ड मागून घ्यावी. ब्रश पाण्याच्या पृष्ठाखालीच फिरवावा. डोळ्यात उडाल्यास न चोळता स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे; साबण वा जंतुनाशक डोळ्यास लावू नये. प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ते २८ दिवस घ्यावे लागते.

मग साध्या कागदावर लिहावे: तारीख, वेळ, हत्यारे कोणत्या शस्त्रक्रियेची, रक्त कोठे उडाले, अंगावर काय होते व काय दिलेच नव्हते, जवळ कोण होते. दोन प्रती करून एकीवर पोच घ्यावी. पर्यवेक्षक पोच देत नसेल तर ती प्रत त्याच दिवशी स्पीड पोस्टाने रुग्णालयाच्या प्रमुखाकडे धाडावी, केवळ कंत्राटदाराकडे नव्हे, आणि टपालाची पावती घरच्या कागदांत जपून ठेवावी.