शरीराचा धडा दहावीत, पण वयात येणं पाचवी-सहावीत! नेमकी अडचण कुठे आहे?

पेशींपासून ऊती, ऊतींपासून अवयव, अवयवांपासून अवयव संस्था. शरीराची ही रचना शाळेत मुलांकडून पाठ करून घेतली जाते. पचन संस्थेची आकृती काढून नावं द्या, हा प्रश्न तर हमखास येतो. पण प्रजनन संस्था आली, की अनेक वर्गांत 'हा भाग घरी वाचा' असं सांगून पान उलटलं जातं.

पुस्तकात काय आहे?

बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये मानवी प्रजनन आणि मासिक पाळीची माहिती आहे. म्हणजे अभ्यासक्रमात धडा आहे. प्रश्न वेळेचा आहे.

साधारणपणे मुली ८ ते १३ आणि मुलं ९ ते १४ या वयात वयात येऊ लागतात. दहावीतलं मूल १५ वर्षांचं असतं. म्हणजे शरीर आधी बदलतं, धडा नंतर येतो. मधल्या काळातली उत्तरं मग मित्रमैत्रिणी आणि मोबाईल देतात.

विरोध कशाला?

२००७ मध्ये केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावरून वाद पेटला आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो नाकारला. हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात मात्र लैंगिक शिक्षण ही पाश्चात्त्य कल्पना असल्याचा समज चुकीचा ठरवला आणि सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली.

याने फरक काय पडतो?

बाळाचं लिंग पित्याकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं. हे जीवशास्त्र माहीत नसल्याने मुलगी झाली की आजही आईला बोल लावला जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. शास्त्र कळलं म्हणून मुलाचा हट्ट लगेच सुटत नाही, पण आईला दोष देण्याचं निमित्त तरी उरत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ७ मध्ये खासगी अवयवांचा थेट नावाने उल्लेख आहे. पण ज्या मुलाला 'तिकडे' आणि 'खाली' एवढेच शब्द माहीत आहेत, ते आपल्यासोबत काय घडलं हे नेमकं सांगणार कसं?

कायदा ज्या अवयवांची नावं घेतो, ती वर्गात घ्यायला मात्र अजूनही संकोच वाटतो.