शिकवलेला पळतो म्हणे!

कारखानदारांचा एक लाडका युक्तिवाद आहे. शिकाऊ पोराला आम्ही घडवायचं आणि चार पैसे जास्त दिसताच त्यानं शेजारच्या कंपनीत जायचं, मग हा आतबट्ट्याचा धंदा करायचा कशाला? रायगडमधल्या तळा तालुक्यातली आयटीआय झालेली पोरं रोह्याच्या धाटाव वसाहतीत, नाहीतर विळे-भागाडला खेटे घालतात, तेव्हा त्यांच्याही कानावर हेच पडतं.

जाणारा जातो, हे मान्य. पण शिकवलं नाही म्हणून ज्ञान कंपनीत राहतं, असं कुणी सांगितलं? ते असतं जुन्या फिटरच्या बोटांत, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळासकट फाटकाबाहेर पडतं. पंपाच्या शाफ्टभोवतीचं पॅकिंग दाबून धरणारा ग्लँडच घ्या. गळती दिसली की नवखा पाना घेऊन करकचून आवळतो. पॅकिंग जळतं, शाफ्टची स्लीव्ह झिजते. जुना माणूस थेंब थेंब गळू देतो, कारण तेच पाणी पॅकिंगला थंड ठेवतं. पुस्तकातही हे आहे. पण नट फिरवताना कुठं थांबायचं, ते शेजारी उभं राहूनच कळतं.

मग पोरगा विचारतो, "काका, हा दर आठवड्याला आवळावा का लागतो?" काकांनी वीस वर्षं आवळलाय, कारण कधी शोधलं नाही. आता शोधावं लागतं, आणि एखाद्या वेळी शाफ्टच वाकलेला सापडतो. सवयीखाली दडलेला दोष असा वर येतो. कारखान्यातली सुधारणा बरेचदा इथूनच सुरू होते. तिला काचेची प्रयोगशाळा लागत नाही.

पळण्याचंच म्हणाल तर पेणकडे बघा. गणपतीच्या कारखान्यात पोरगा माती मळण्यापासून सुरुवात करतो; डोळ्यांच्या आखणीपर्यंत पोचायला वर्षं जातात. हे कसब पेणमध्ये कोंडून राहिलं नाही, हमरापूर-जोह्यातही घरोघर कारखाने झाले. पेण बुडालं का? (आमच्या तळ्याजवळच्या कुड्याच्या डोंगरात २६ लेणी आहेत. पहिलं कोरणाऱ्यानं हात झाकून ठेवला असता, तर दुसरं कुणी कोरलं असतं?)

एक आक्षेप मात्र खोडता येत नाही: शिकाऊ म्हणजे स्वस्त मजूर. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. आकडा भरतो, आणि पोरगा वर्षभर खोकी उचलतो. हा दोष शिकाऊ पद्धतीचा नाही, ती न राबवण्याचा आहे.

म्हणून कारखानदारांना एवढंच सांगणं: शिकाऊ घ्याल तेव्हा त्याच्या उस्तादाला रोज एक तास मोकळा द्या, आणि त्या तासाचं उत्पादन मागू नका.