वस्तुसंग्रहालयात नेलेले देव

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयातील मायकेल रॉकफेलर यांच्या नावाचा विभाग प्रदीर्घ डागडुजीनंतर २०२५ च्या मे महिनाअखेर पुन्हा उघडण्यात आला. आफ्रिका, प्रशांत महासागरातील बेटे आणि कोलंबसपूर्व अमेरिका येथील कलावस्तू तेथे मांडलेल्या आहेत. १९८२ साली हा विभाग प्रथम सुरू झाला, तेव्हा त्यातील बराचसा ऐवज ज्या संग्रहालयातून आला होता, त्याचे नावच मुळी ‘आदिम कलेचे संग्रहालय’ असे होते. शून्याचे चिन्ह वापरणारे माया लोक आणि डोंगरकडे फोडून हजारो मैलांचे रस्ते बांधणारे इंका लोक यांना ‘आदिम’ म्हणण्यात त्या काळच्या जाणकारांना काही वावगे वाटत नव्हते! आता तो शब्द गेला आहे. नव्या मांडणीत अँडीज पर्वतराजीतील प्राचीन वस्त्रांना स्वतंत्र दालन मिळाले आहे. ज्या समाजात उत्तम विणलेल्या वस्त्राचे मोल सोन्याहून कमी मानले जात नसे, त्याची ओळख करून घेण्यास सोन्याच्या मुखवट्यांपेक्षा ही वस्त्रेच अधिक उपयोगी, हे येथे नमूद केले पाहिजे.

ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु नाव बदलले, काचा बदलल्या, एवढ्याने प्रश्न संपतो काय? जी वस्तू देव म्हणून घडविली गेली ती ‘कला’ म्हणून मांडताना तिच्यातले काय गळून पडते, आणि ती तेथवर आली कशी हे पाहणाऱ्याला सांगितले जाते की नाही, हा मूळ प्रश्न शिल्लकच राहतो.

कोआत्लिक्वे या आझ्टेक देवतेच्या मूर्तीची कथा या संदर्भात फार बोलकी आहे. १३ ऑगस्ट १७९० रोजी मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात खोदकाम चालू असता ही प्रचंड मूर्ती सापडली. शिराच्या जागी दोन सर्पमुखे, गळ्यात मानवी हातांची व हृदयांची माळ, कमरेला सापांचे विणलेले वस्त्र. स्पॅनिश राज्यपालाने ती अभ्यासासाठी विद्यापीठात नेवविली. परंतु तिच्या दर्शनाने स्थानिक लोकांच्या मनात जुना धर्म पुन्हा जागा होईल, या भयाने तेथील विद्वानांनी ती चक्क अंगणात पुरून टाकली. १८०३ साली जर्मन प्रवासी हुम्बोल्ट तेथे आला, तेव्हा त्याच्या आग्रहाखातर ती उकरून काढण्यात आली, आणि त्याचे पाहणे झाल्यावर पुन्हा पुरण्यात आली. युरोपीय पंडिताने पाहिली तर ती विद्या. स्थानिक माणसाने पाहिली तर पाखंड! आज हीच मूर्ती मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात सन्मानाने उभी आहे. भारतात सहा वर्षे मेक्सिकोचे राजदूत असलेले कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांनी या एकाच दगडाच्या प्रवासावर लिहिले आहे. आधी देवी, मग सैतानी, मग विद्रूप, आणि अखेर कलेचा उत्कृष्ट नमुना, असा तो प्रवास. दगड मात्र तोच राहिला.

या मूर्तीच्या तळाशी, म्हणजे जो भाग जमिनीला टेकतो तेथे, भूदेवतेची आकृती कोरलेली आहे. ती कोणा माणसाने पाहावी असा कारागिराचा हेतूच नव्हता. ती पृथ्वीला दाखवावयाची होती. वस्तुसंग्रहालय हे तर पाहण्यासाठीच असलेले स्थान. जे न पाहण्यासाठी कोरले गेले, त्याचे त्याने काय करावे? निदान तसे सांगावे, एवढे तरी खासच करता येईल.

यावर कोणी म्हणेल, की परदेशी संग्रहालयांनी या वस्तू त्या त्या देशाला परत केल्या की झाले. परत करावयाच्या त्या केल्याच पाहिजेत. हायराम बिंगहॅमने माचू पिचूहून नेलेल्या वस्तू येल विद्यापीठाकडून मिळवण्यास पेरूला सुमारे शंभर वर्षे लागली, आणि न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे काही येलला भूषणावह नाही. पण देशाच्या सीमेच्या आत आले म्हणजे वाद मिटतो, हा मात्र भ्रम होय.

मेक्सिकोचे ते भव्य राष्ट्रीय संग्रहालय १९६४ च्या सप्टेंबरात उघडले. त्याच्या दाराशी पर्जन्यदेव त्लालोकची म्हणून ओळखली जाणारी, सुमारे १६८ टन वजनाची शिळा उभी आहे. (ती जलदेवतेची असावी, असेही काही तज्ज्ञांचे मत आहे.) ही शिळा कोआत्लिंचान या गावच्या कोरड्या ओढ्यात शतकानुशतके पडून होती. ती नेण्यासाठी खास वाहन आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्या चाकांची हवा काढली आणि नेण्याचे काम बंद पाडले. मग लष्कर आले. शाळा, दवाखाना, रस्ता अशी आश्वासने देण्यात आली आणि एप्रिल महिन्यात शिळा राजधानीत पोचली. त्या रात्री अवकाळी मुसळधार पाऊस पडला, ही हकीकत मेक्सिकोत आजही आवडीने सांगतात. गावच्या वेशीवरचा देव हलविणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. कोआत्लिंचानकरांपुढे परकीय लुटारू नव्हता, त्यांचेच सरकार होते. राष्ट्राला गौरव हवा होता, गावाला पाऊस हवा होता. १९७० साली पाझ यांनी या संग्रहालयावर कठोर टीका केली. आझ्टेक दालनाला मध्यवर्ती स्थान देऊन इतर संस्कृतींना त्याच्या भोवती मांडण्यात राजधानीच्या सत्तेचेच स्तोत्र गायिले गेले आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. १९६८ साली त्याच राजधानीत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा पाझ यांनी राजदूतपद सोडले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या टीकेचे मर्म कळते.

पेरूतील सिपानची गोष्ट याहून बरी, पण तीही निष्कलंक नव्हे. १९८७ च्या आरंभी चोरांनी तेथील एक प्राचीन टेकाड पोखरून मोचे काळातील सोने काढले. पोलिसांच्या गोळीने त्यांतील एक जण मेला. पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा उत्खननास आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांचे स्वागत केले नाही. आपल्या पूर्वजांचे धन सरकार नेणार, ही त्यांची समजूत अगदीच निराधार कशी म्हणावी? परंतु आल्वांनी चिकाटीने एका अधिपतीचे अखंड दफन शोधून काढले. कोणाला कोणाजवळ पुरले होते, कोणता अलंकार कोणत्या अंगावर होता, हे सारे त्यामुळे कळले. चोरबाजारातून धनिकाच्या कपाटात गेलेला सोन्याचा दागिना यातले काहीच सांगू शकत नाही. २००२ साली जवळच्या लांबायेके येथे या थडग्यांचे संग्रहालय झाले. तेथे प्रेक्षक वरच्या मजल्यावरून शिरतो आणि उत्खनन जसे खोल गेले तसा खाली उतरतो. वस्तू कशी सापडली हेच तेथे मांडणीचे सूत्र आहे. पुढे २००९ साली खुद्द उत्खननस्थळीही एक संग्रहालय उभे राहिले. चिनी मातीची भांडी विकणाऱ्या दुकानाप्रमाणे काचेमागे रांगा लावणाऱ्यांनी हे एकदा पाहून यावे.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संग्रहालयाने आणखी एक पाऊल टाकले. १९३० च्या दशकात एका स्वीडिश वकिलाने, म्हणजे तेथील राजप्रतिनिधीने, पेरूतून चोरून आणलेली पाराकासची दोन हजार वर्षांची वस्त्रे त्याच्या संग्रही होती. २००८ साली त्याने ती प्रदर्शनात मांडली आणि प्रदर्शनाच्या नावातच ती चोरीची असल्याचे कबूल केले. पुढे २०१४ मध्ये पहिली चार वस्त्रे पेरूला परत गेली, उरलेली टप्प्याटप्प्याने देण्याचा करार झाला. ही वस्त्रे इतकी जीर्ण, की प्रवासाचा हादराही त्यांना सोसेल की नाही याची चिंता होती. न देण्यास ही सबब पुरेशी होती, पण ती पुढे केली गेली नाही.

प्रत्येक संग्रहालय आपली कपाटे रिकामी करील, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु वस्तूखालच्या पाटीवर काळ, द्रव्य आणि देणगीदाराचे नाव येते, तेथेच ती कोणाच्या भूमीतून, कोणत्या साली, कोणाच्या संमतीने वा संमतीवाचून निघाली, या चार ओळी आल्या तर जागा कितीशी लागणार? देणगीदाराचे नाव जर ठळक अक्षरांत असते, तर कोआत्लिंचानचे का नसावे? त्या गावाला २००७ साली शिळेची एक प्रतिकृती मिळाली. ती गावच्या चौकात उभी आहे.