मरळीसाठी गळ : निवड, वापर आणि संयम

कोल्हापूरकडून पुण्याच्या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग पंचगंगा नदी ओलांडतो व लगेच पुलाची शिरोली हे गाव आणि त्यापुढे शिरोली औद्योगिक वसाहत लागते. वसाहतीतील फौंड्र्यांत व यंत्रशाळांत काम करणारा पुष्कळसा वर्ग भोवतालच्या शेतकरी कुटुंबांतूनच आलेला आहे. सुट्टीच्या दिवशी नदीच्या काठी, बंधाऱ्याच्या फुगवट्यावर किंवा एखाद्या ओढ्याच्या डोहापाशी काठी घेऊन बसणारी जी मंडळी दिसतात, त्यांत कामगार कोण व शेतकरी कोण हे सांगणे कठीण असते. त्यांतील अनेकांचे लक्ष्य मात्र एकच असते, ते म्हणजे मरळ.

गळाने मासे धरण्याची कला या भागास नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात काठी, दोरी व आमिष यांचा विचार केलेला आहे. नवी आहेत ती साधने. बांबूची काठी, सुती दोरी आणि गळाला टोचलेला जिवंत बेडूक यांची जागा आता रिळाची काठी, विणीची दोरी व रबरी बेडूक यांनी घेतली आहे. बाजारात मिळणारी ही साधने बहुतांशी बास नावाच्या उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या माशासाठी घडविलेली आहेत. बास आणि मरळ हे एका कुळातील मासे नव्हेत. परंतु दोघांचेही वागणे सारखे असल्याने बासचे साधन मरळीलाही लागू पडते. खेदाची गोष्ट इतकीच की, साधन येथे आले, पण त्या साधनाबरोबर तिकडे जो नियम पाळला जातो, तो मात्र आला नाही. साधनाची निवड व हा नियम या दोन्हींचा विचार एकत्रच केला पाहिजे.

मरळीचा स्वभाव

मरळ हा दबा धरून शिकार करणारा मासा आहे. वाहत्या धारेपेक्षा संथ, उथळ व वनस्पतींनी व्यापलेले पाणी तिला मानवते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपल्यावर बरगे घातले की जो फुगवटा तयार होतो, त्याच्या कडेची लव्हाळी व जलपर्णी ही तिची आवडती वसतिस्थाने होत. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची पोकळी असते. त्यामुळे तिला ठराविक वेळाने पृष्ठभागावर येऊन श्वास घ्यावाच लागतो. याच गुणामुळे ती पाण्याबाहेरही काही काळ तग धरते व बाजारात जिवंत विकली जाऊन चांगला भाव मिळविते.

तिचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. रोहू, कटला व मृगळ हे मासे अंडी घालून निघून जातात. मरळ तसे करीत नाही. पावसाळ्यात काठालगतच्या उथळ पाण्यात गवत बाजूला सारून ती मोकळी जागा करते. तेथे अंडी पाण्यावर तरंगत राहतात व नर-मादी त्यांची राखण करतात. अंडी फुटल्यानंतर लालसर पिलांचा दाट थवा आईबापांच्या पहाऱ्यात फिरू लागतो. पिले हवा घेण्यासाठी वर आली की पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी चुळबुळ दिसते. जाणत्या माणसास एवढी खूण पुरेशी असते. त्या थव्यावर कोणतीही वस्तू पडली तरी खाली असलेला आईबापांपैकी एक मासा तिच्यावर झडप घालतो. ही झडप भुकेची नसून रक्षणाची असते. ज्या गळावर एरवी सकाळभर मासा येत नाही, त्यावर अशा वेळी पहिल्याच फेकीत येतो, आणि पुष्कळजण यालाच आपले कौशल्य समजतात.

साधनांची निवड

मरळीसाठी साधन साधे असावे, पण दणकट असावे. काठी सुमारे दोन मीटर लांबीची व ताठ असावी. लवचीक व लांब काठी दिसावयास सुबक असली तरी जलपर्णीत शिरणारी मरळ तिने आवरत नाही. रिळाची काठी घेण्याची ऐपत नसल्यास भरीव बांबूची काठीही उत्तम काम देते. दोरी दहा ते पंधरा किलो वजन पेलणारी असावी. साधे तंगूस ताणले जाते, त्यामुळे काठीचा झटका गळापर्यंत पुरता पोहोचत नाही व मरळीच्या कठीण जबड्यात गळ नीट बसत नाही. विणीची दोरी ताणली जात नाही, म्हणून या कामी ती अधिक योग्य होय. बारीक दोरीचा तोटा केवळ मासा निसटण्यापुरता नाही. तुटलेली दोरी व गळ तोंडात घेऊन निसटलेला मासा बहुधा वाया जातो, आणि पाण्यात राहिलेले तंगूस पक्ष्यांच्या पायांत व पाण्यावर येणाऱ्या जनावरांच्या तोंडात अडकते.

आमिषाच्या बाबतीत शेतकऱ्याने विशेष विचार करावा. जिवंत बेडूक हे मरळीचे परंपरागत आमिष आहे. परंतु बेडूक हा पिकांवरील किडी खाणारा शेतकऱ्याचा मित्र आहे. याच कारणाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारने १९८७ मध्ये थांबविली. ज्या भातखाचरात किडीसाठी औषध फवारावे लागते, त्याच खाचरातील बेडूक गळासाठी वेचणे हा उलटा व्यवहार होय. रबरी बेडूक हा त्यास चांगला पर्याय आहे. त्याचे अंग पोकळ असून गळ पाठीला चिकटून असतात. त्यामुळे तो गवतात न अडकता पृष्ठभागावरून सरकतो, आणि माशाने चावा घेताच अंग दबून गळाची टोके वर येतात. एक बेडूक नीट वापरल्यास अनेक महिने टिकतो.

गळाच्या टोकामागील उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. दोरी ताणलेली ठेवल्यास अशा गळावरूनही मासा सहसा सुटत नाही. उलट, लहान मासा सोडून द्यावयाचा झाल्यास तो जखमी न होता सुटतो, आणि गळ स्वतःच्या बोटात शिरल्यास काढणेही सोपे जाते. दोरीस वजन बांधण्याची गरज पडल्यास शिसे टाळावे. शिसे विषारी असून ते गिळल्याने हंस दगावतात असे आढळल्यावरून इंग्लंडमध्ये १९८७ पासून लहान वजनांसाठी शिशाचा वापर बंद करण्यात आला. शिरोलीसारख्या ठिकाणी तर जुना लोखंडी नट कोणाच्याही खिशात सापडेल; तो बांधला म्हणजे काम भागते.

वापराची पद्धत

सकाळचा व सायंकाळचा गारवा हा योग्य समय होय. काठावर पाय न आपटता जावे व सावली पाण्यावर पडू देऊ नये. प्रथम काही वेळ केवळ पाहावे. मरळ श्वास घेण्यास वर आली की तिची जागा कळते. बेडूक त्या जागेच्या पलीकडे टाकून जलपर्णीच्या कडेकडेने थांबत थांबत ओढावा. पाणी उसळताच काठी ओढण्याचा मोह होतो, तो आवरावा. एक-दोन क्षण थांबून, दोरीस वजन जाणवल्यावर मगच जोराने झटका द्यावा. उतावीळपणाने जितके मासे निसटतात, तितके अन्य कोणत्याही कारणाने निसटत नाहीत.

मासा सोडावयाचा असल्यास हात ओले करून धरावा, तापलेल्या वाळूवर वा दगडावर टाकू नये. मरळीची लहान जात सुमारे पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांबीच्या सुमारास प्रजननक्षम होते. म्हणून पस्तीस सेंटिमीटरहून लहान मरळ न ठेवण्याचा नियम प्रत्येकाने स्वतःस घालून घ्यावा. काठीवर तशी खूण करून ठेवल्यास मोजण्याची अडचण राहत नाही.

नदीचे आरोग्यही ध्यानी घ्यावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील असून पंचगंगेचाही त्यांत समावेश आहे. सांडपाण्याचा नाला मिळतो त्याच्या खालच्या अंगास धरलेला मासा घरी नेऊ नये, आणि मरून तरंगणारे मासे तर कोणी खाऊ वा विकू नयेत. असे मासे दिसताच प्रदूषण नियंत्रण मंडळास व ग्रामपंचायतीस कळवावे. नदीकाठी नित्य बसणाऱ्या माणसाइतका जागरूक पहारेकरी दुसरा मिळणार नाही.

संयमाचा नियम

ज्या बास माशासाठी ही साधने निर्माण झाली, त्याचा नरही अंड्यांची राखण करतो. तो उचलला गेला की दुसरे मासे अल्पावधीत घरट्यातील अंडी खाऊन टाकतात. ही गोष्ट ध्यानात घेऊन कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत बासच्या प्रजननकाळात तो धरण्यास बंदी असते. मरळीचेही तसेच आहे. राखणदार जोडी गेली की पिलांचा थवा इतर मासे व पक्षी यांच्या भक्ष्यस्थानी पडतो. अशा वेळी गळाने एक मासा धरला असे वाटते. वस्तुतः हजारो पिलांचे छत्र काढून घेतलेले असते. आपल्या समुद्रकिनाऱ्यावर जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते व मच्छीमार ती पाळतात. नदीकाठच्या मंडळींनीही जून ते सप्टेंबर या काळात मरळीचा गळ बंद ठेवणे, निदान लालसर पिलांच्या थव्यावर कधीही गळ न टाकणे, न्याय्य होय.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जाळी व सुरुंग यांनी होणाऱ्या नाशापुढे एका गळाची काय मातबरी? सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासूनच गुन्हा असून महाराष्ट्राच्या १९६० च्या अधिनियमानेही त्यास प्रतिबंध केला आहे. तो गुन्हा थांबविलाच पाहिजे. परंतु जाळ्यास निवड करता येत नाही, गळ धरणाऱ्यास ती करता येते. ज्याच्या हाती निवड आहे, त्याच्यावर जबाबदारीही अधिक येते.

दुसरा आक्षेप असा की, पावसाळ्यातील मरळ हे गरिबाघरचे अन्न आहे. हा आक्षेप खरा आहे व तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, उसाच्या फडांत पाणी उभे राहिले. पूर ओसरताना खळग्यांत अडकलेले मासे धरून अनेक घरांत कालवण झाले असेल. आटत्या डबक्यात मरणारच असलेला मासा खाण्यात कोणतीही हानी नाही. परंतु ज्या घराला या अन्नाची गरज आहे, त्याच घराला पुढील वर्षीही ओढ्यात मरळ असण्याची गरज आहे. पिलांवरील जोडी सोडून दिल्याने होणारा लाभ प्रथम त्याच्याच पदरी पडतो.

तिसरा आक्षेप मत्स्यशेती करणाऱ्यांचा आहे. शेततळ्यात शिरलेली मरळ रोहू-कटल्याची बोटुकली फस्त करते, मग तिच्यावर दया कशाला? येथे दया दाखवू नये. संवर्धनाच्या तळ्यात मरळ ही शत्रूच असते. चिखलात दडून ती जाळ्यास चकविते, तेव्हा गळाचा उपयोग करून ती बारा महिने काढावी. बीज सोडण्यापूर्वी तळे आटविणे किंवा एक मीटर खोलीच्या पाण्यास हेक्टरी सुमारे २५०० किलो मोहाची पेंड टाकणे हे प्रभावी उपाय आहेत. मात्र हा उपाय स्वतःच्या बंदिस्त तळ्यापुरताच आहे. ओढ्यात वा नदीत पेंड टाकणे म्हणजे विषप्रयोगच होय. तसेच जो तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल, तेथे संस्थेच्या परवानगीवाचून गळ टाकू नये.

नियमाची अंमलबजावणी करण्यास प्रत्येक डोहावर शिपाई नेमता येणार नाही. हे काम गावाने स्वतःच करावयाचे आहे. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी गावसभेत हा विषय घ्यावा, शाळेत मुलांना लालसर पिलांच्या थव्याची ओळख करून द्यावी, आणि कारखान्यांतील कामगार मंडळांनी आपल्या सभासदांत त्याचा प्रसार करावा. चांगली काठी, मजबूत दोरी, काटा दाबलेला गळ व रबरी बेडूक ही साधने पैशाने मिळतात. पाण्यावर पिलांची चुळबुळ दिसताच काठी गुंडाळून घरी परतण्याची सवय मात्र आपली आपणच लावून घ्यावी लागते. ती लागली तर आश्विनात बंधाऱ्याचे बरगे पुन्हा पडतील तेव्हा फुगवट्यात मरळही असेल व तिच्यामागे बसणारी मंडळीही असतील.